छत्रीवरचा रफू

११ जून

काका, नमस्कार.

रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "काय रे, विमान दाखवलं का?" ते आमच्या अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. फोनच्या रांगेतली मुलं दिवसभर मला तेच विचारत होती. तुमचा आवाज असा, फोन भिंतीवर सगळ्यांच्या मधोमध, आणि मोबाइल तर पहिल्याच दिवशी काढून घेतलेत. म्हणून यापुढे जे खरं सांगायचं ते पत्रात.

विमान दाखवलं, पण लांबून. कवायत संपली, डोक्यावर पुन्हा केस दिसायला लागले आणि आम्हाला कामं वाटून दिली. मला इंजिन मिळेल असं वाटलं होतं. मुलाखतीत साहेबांनी घरचा धंदा विचारला. मी म्हणालो, काकांचं रफूचं दुकान आहे, मीही तिथेच बसायचो. त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून बघितली आणि मला पॅराशूटच्या खोलीत पाठवून दिलं. इथे सगळे तिला छत्रीच म्हणतात. तेव्हा आता गल्लीत सांगताना जरा जपून सांगा. तुमचा पुतण्या हवाई दलात छत्र्यांच्या घड्या घालतो.

खोली लांबट आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच टेबल, काचेसारखं गुळगुळीत, एका भागात खालून दिवा. वारा नको म्हणून खिडक्या बंद. छत्रीचं कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आहे आणि त्यावर माणूस लटकतो, हे अजून मला खरं वाटत नाही. रोज सकाळी नखं तपासतात. अंगठी, घड्याळ, टाचणी काही अंगावर चालत नाही. कापडाला टाचणीएवढं भोक दिसलं तरी दाखवायचं. त्याला लाल खडूने खूण करतात आणि दुरुस्तीवाले त्यावर ठिगळ मारतात. ठिगळ लांबून दिसलं पाहिजे असा नियम आहे. रफू कोणाला दिसता कामा नये म्हणणारे तुम्ही, इथे एक दिवस टिकला नसतात.

आमचे सार्जंट फार हळू बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही घडी घातलेली छत्री वर उघडली नाही, तर तुम्ही काय कराल?" कोणी म्हणालं कळवीन, कोणी म्हणालं धावत जाईन. ते म्हणाले, "काही करणार नाही. तुम्ही इथे चहा पीत असाल." तेव्हापासून मी चहा अर्धाच टाकून उठतो.

छत्र्या न्यायला एक उंच पायलट येतात. शिकाऊ मुलांना उडवायला शिकवतात ते. छत्री पाठीवर टाकतात, तिला थापटतात आणि म्हणतात, "बाई, तू झोपूनच राहा." सगळे हसतात. सार्जंट हसत नाहीत.

काकूला सांगू नका, पण मला भीती वाटते. सवय होईल म्हणतात.

तुमचा,
बारक्या

१९ जून

बारक्या,

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे तिला न सांगण्याचा प्रश्न निकालात निघाला. ती हसली नाही. मी पोट धरून हसलो. छत्र्या तर छत्र्या. गल्लीत मी "विमानाच्या सुरक्षेचं काम" असं सांगितलंय आणि इस्त्रीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याचा जावई नुसता कारकून आहे ना.

भीतीचं म्हणशील, तर ती मला वाटायला हवी. तू गेल्यापासून दुकानात कोटाच्या बाह्या एकट्याने करतोय आणि लोकांना वाटतंय म्हातारा रेंगाळतो. तुला कसली भीती? या गावात तुझ्याइतका बारीक हात कोणाचा आहे? माझा होता, पूर्वी.

ठिगळ लांबून दिसलं पाहिजे, हे वाचून मात्र मला झोप आली नाही. असा नियम करणाऱ्याने आयुष्यात सुई धरली नसणार. असो, त्यांचं त्यांच्यापाशी. तू कॉलरच्या आत सुई ठेवतोस ना अजून? ठेवत जा. अंगावर सुई नसलेला रफूवाला म्हणजे चपला विसरून बाहेर पडलेला माणूस. बटण तुटतं, शिवण उसवते, वेळेला कोणाच्या तोंडाकडे बघणार?

जेव नीट. काकू विचारतेय, अंथरूण ओलसर नाही ना.

काका

३० जून

काका,

अंथरूण कोरडं आहे, काकूला सांगा. जेवतो.

एक गोष्ट विचारायची आहे. धंद्यातली आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. आमच्यात एक मुलगा आहे, त्याच्याकडून परवा एक चूक झाली. त्याच्या कॉलरमध्ये सुई होती. त्यालाही घरची तशीच सवय आहे. टेबलावर वाकून तो छत्रीच्या घड्या सारख्या करत होता, तेवढ्यात सुईचं टोक अस्तरातून बाहेर आलं आणि कापडाला लागलं. नखाएवढी चीर गेली. सार्जंट फोन घ्यायला बाहेर गेले होते.

त्याने हाक मारायला हवी होती. पण सुई सापडली असती तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे त्याबाबत कोणाची गय करत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्याने एवढा विचारही केला नाही. त्याचे हात आपोआप चालले. शेजारच्या टाकाऊ तुकड्याचा धागा ओढला, त्याच सुईत ओवला आणि चीर भरून काढली. शेजारचा मुलगा पाठमोरा होता. सार्जंट परत आले, त्यांनी खालचा दिवा लावून छत्रीची पाकळी न् पाकळी, म्हणजे शिवून जोडलेला एकेक पट्टा, बघितली, त्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगलं." मग छत्रीची घडी घातली, पिशवीत गेली, फळीवर गेली.

आता तो मुलगा विचारतोय, की असा रफू टिकतो का? म्हणजे एकदम जोराचा हिसका बसला तर? तो फार घाबरलाय. त्याला जेवण जात नाही. दारातून कोणी आत आलं की त्याला वाटतं, आता सांगायला आले. मी त्याला म्हटलं, माझे काका सांगतील.

लवकर उत्तर पाठवा.

बारक्या

७ जुलै

बारक्या,

त्या पोराला माझ्याकडे पाठव. दिवा लावून बघणाऱ्याला दिसला नाही असा रफू, तोही अशा कापडावर, अशा घाईत. हा हात छत्र्यांवर फुकट चाललाय. त्याला माझ्या वतीने शाबासकी दे आणि सांग की खुशाल जेव.

रफू टिकतो का म्हणे. अरे, रफू मूळ कापडापेक्षा मजबूत असतो. मी रफू केलेल्या कोटाचा रफू उसवला म्हणून कोणी परत आलाय का कधी? कोट परत येतात, पण दुसरीकडे फाटून. तेव्हा त्याने तोंड मिटून गप्प बसावं. झालं ते झालं, दिसत नाही ते नाही. उगाच शहाणपणा करून सांगायला गेला तर नोकरी जाईल आणि आईबापांना तोंड लपवावं लागेल. तू मात्र त्याच्या भानगडीत पडू नकोस. ओळख आहे एवढंच ठेव.

इस्त्रीवाला आता मला "हवाई दलवाले" म्हणून हाक मारतो. चेष्टेने मारतो, पण मारतो.

काका

खाली थोडी जागा उरलीय म्हणून मी लिहिते. हे पत्र टाकायला मीच जाणार आहे, यांनी परत उघडून वाचायला नको. बाळा, त्या मुलाला सांग की कोणी त्याच्यावर रागावणार नाही. घरची माणसं तर नाहीच. तो परत आला तर दार उघडं आहे. आणि त्याला विचार, ती छत्री कोणाच्या पाठीवर जाणार हे त्याला ठाऊक आहे का? तुझ्या अक्षरावरून वाटतं, तुझा हात कापत होता. मी यांना काही बोलले नाही.
काकू

१० जुलै

बारक्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. आधीच्या पत्रात मी जे लिहिलं ते फाडून टाक.

काल दुकानात एक बाई तिच्या नवऱ्याचा कोट घेऊन आली. मीच दोन वर्षांपूर्वी रफू केलेला. रफू शाबूत होता. त्याला लागून, अगदी कडेला, सरळ रेघ ओढल्यासारखं कापड फाटलं होतं. मी नेहमीसारखं म्हणालो, "बघा, माझं काम तसंच्या तसं आहे." आणि हे म्हणताना माझ्या हातातून कोट खाली पडला.

माझ्याजवळ एक पातळ नायलॉनचं कापड होतं. त्याला चीर दिली, जीव ओतून रफू केला. मग काकूला एक टोक धरायला लावलं आणि झटका दिला. रफू हलला नाही. शेजारून कापड टरकत गेलं ते शेवटपर्यंत. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. रफू कापडाला एका जागी घट्ट करतो, बारक्या. सगळा ताण मग त्याच्या कडेवर येतो. हे मला उभा जन्म माहीत होतं, आणि मी त्याची फुशारकी मारत आलो. कोटाला चालतं. माणूस कोटावर लटकत नाही.

कापडाचं टोक हातात तसंच धरून काकू म्हणाली, "तो मुलगा आपलाच आहे. एवढं कळत नाही का तुम्हाला?" सुई ठेव म्हणून मीच लिहिलं होतं.

लगेच फोन केला. कोणीतरी उचलला आणि म्हणाला की तू जेवायलाही आला नाहीस, कुठे आहेस माहीत नाही. त्याला काय सांगणार होतो? आजूबाजूला किती कान असतील. साहेबांना बोलवा म्हणायला तोंड उघडलं आणि उघडलं तसंच राहिलं. तुझी नोकरी माझ्या तोंडून जायला नको असं मनात आलं. ती छत्री घेऊन कोणी वर गेला असेल, हेही तेव्हाच मनात आलं, तरी मी फोन ठेवला. मला माझीच भीती वाटायला लागलीय.

जा आणि सांग. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी, चप्पल न घालता जा. काय व्हायचं ते होऊ दे.

काका

१५ जुलै

काका,

तुमचं सात तारखेचं पत्र परवा संध्याकाळी आलं. वाचून मला इतकं हलकं वाटलं की पोटभर जेवलो. मग काकूच्या ओळी परत वाचल्या. ती छत्री कोणाच्या पाठीवर जाणार, हे मी तोपर्यंत स्वतःला विचारू दिलं नव्हतं.

काल सकाळी मी सार्जंटना सांगितलं. तो मुलगा मीच आहे, हे तुम्हाला एव्हाना काकूने सांगितलं असेल. मी कॉलर उलटी करून सुई त्यांच्या हातावर ठेवली. मला वाटलं होतं, थोबाडीत बसेल. ते एवढंच म्हणाले, "कोणती?"

मी फळीवरची एक दाखवली. त्यांनी खोलीतलं सगळं काम थांबवलं. छत्री टेबलावर पसरली, दिवा लावला. "दाखव." मी शोधायला लागलो. काका, मला माझाच रफू सापडेना. सगळी मुलं दोन्ही बाजूंनी वाकून बघत होती, सार्जंट भिंग घेऊन बसले होते, आणि मी एकेक पाकळी पुन्हा पुन्हा चाचपत होतो. जिथे होता असं वाटायचं तिथे कोरं कापड. तुम्ही शिकवलंत तसाच केला होता ना मी, कोणालाच दिसू नये असा.

मग मला आठवलं की त्या दिवशी माझ्या हाताखालून दोन छत्र्या गेल्या होत्या. मी घाबरलेलो होतो. पहिली की दुसरी, मला शपथेवर सांगता येईना. सार्जंटनी विचारलं, "दुसरी?" मी फळीकडे बघितलं. जागा रिकामी होती. शेजारचा मुलगा म्हणाला, "उंच साहेब सकाळी घेऊन गेले."

सार्जंट धावत गेलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. त्यांनी वायरलेसवरून विमानात निरोप द्यायला लावला, की कसरती करू नका, सरळ परत या. मग ते मला दंडाला धरून धावपट्टीच्या कुंपणापाशी घेऊन गेले. "इथे उभा राहा. वर बघ," म्हणाले. एरवी विमानाचा आवाज आला की आम्ही मानही वर करत नाही. त्या वेळी आभाळात काही हललं तरी मी कुंपण घट्ट धरायचो. एक पक्षी दिसला तरी. मला देवाचं नावही नीट आठवत नव्हतं. मी मनात फक्त एवढंच म्हणत होतो, की त्यांना छत्री लागू नये. सार्जंट शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तेही घाबरले होते. ते बघून मला जास्तच भीती वाटली.

विमान दिसलं, खाली आलं, टेकलं. माझ्या जिवात जीव आला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मी तिथेच ओकलो.

छत्री टेबलावर आली. उंच साहेब स्वतः घेऊन आले, शिरस्त्राण काखेत धरून दाराशी उभे राहिले. दिव्याखाली तीही कोरीच दिसत होती. मग मी डोळे मिटले आणि तुम्ही गिऱ्हाइकाचा जुना रफू ओळखताना करता तसं केलं, कापड खालच्या ओठावरून सरकवत गेलो. बोटाला जे लागत नाही ते ओठाला लागतं. वरच्या टोकाजवळच्या पाकळीत सापडला. "हा," म्हणालो.

सार्जंटनी दोन मुलांना ती पाकळी दोन बाजूंनी धरायला सांगितली आणि हिसका द्यायला लावला. रफू तसाच राहिला, आणि त्याच्या कडेपासून कापड टरकत खालच्या शिवणीपर्यंत गेलं. तो आवाज मोठा नव्हता. साहेब फाटलेल्या जागेकडे बघत राहिले, मग दाराजवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

मला कामावरून काढून खोलीत बसवून ठेवलंय. वरचे साहेब ठरवतील. घरी पाठवतील असं सगळे म्हणतात. गल्लीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

बारक्या

२४ जुलै

बाळा,

या वेळी मी लिहिते. यांनी दुकान बंद ठेवलंय. सर्दी झालीय असं लोकांना सांगतात, आणि दिवसभर दुकानावरच्या 'न दिसणारा रफू' या पाटीकडे बघत बसतात. तुझं पत्र मी वाचलं तेव्हा ते मध्येच उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. बराच वेळ नळ वाहत होता.

दहा तारखेचं यांचं पत्र तुला मिळालं असेल. आधी मिळालं नाही, याचं मला बरं वाटतं. तू यांच्या सांगण्यावरून गेला नाहीस, आपला आपण गेलास. हे मी यांनाही सांगितलं. म्हणाले, "म्हणजे मी सांगितलं ते गप्प बसायला सांगितलं एवढंच."

गल्लीची काळजी सोड. इस्त्रीवाल्याने विचारलं, तर माझ्याशी गाठ आहे. घरी पाठवलं तर ये, आपली भाकर आहे. पण खरं लिहू का? तू इथे परत येऊन कॉलरला सुई लावून बसावंस असं आता मला वाटत नाही. आणि तू तिथे राहावंस असंही वाटत नाही. दारावर कोणी आलं की हातातलं काम टाकून मी आधी बघायला धावते. कोणाचा तरी मुलगा त्या दिवशी वर होता, बारक्या. त्याच्या आईला हे कधी कळणारही नाही.

काय ठरलं ते कळव. चांगलं असो वाईट असो, लगेच कळव.

काकू

६ सप्टेंबर

काका, काकू,

लगेच कळव म्हणाला होतात आणि मी इतके दिवस लावले. रागावू नका. जे ठरलं होतं त्यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

मला घरी पाठवलं नाही. सार्जंटनी वरच्या साहेबांसमोर काय सांगितलं ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, की शिक्षण पहिल्यापासून, नव्या तुकडीबरोबर. माझ्याबरोबरची मुलं पुढे गेली. मी पुन्हा नखं दाखवणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो, आणि माझी कॉलर रोज सगळ्यांदेखत उलटी करून बघतात. बघू देत. बाकीचा वेळ मला दुरुस्तीच्या टेबलावर ठिगळं मारायला बसवलं. जाड दोऱ्याची, दुहेरी शिवणीची, आंधळ्यालाही हाताला लागतील अशी. पहिलं ठिगळ मारताना मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. काका, तुम्हीही दुकान उघडा. लोकांच्या कोटांना तुमची गरज आहे आणि कोटांनी कोणी मरत नाही.

मागच्या आठवड्यात सार्जंटनी मला पुन्हा घडी घालायला उभं केलं. मी हात मागे घेतले आणि त्यांना म्हणालो, "मला जमणार नाही, मला भीती वाटते." मला वाटलं ते धीर देतील. ते म्हणाले, "मलाही वाटते. घाल." मी घातली. त्यांनी ती उलगडली. मी परत घातली. त्यांनी परत उलगडली. शेवटी एकदा ते ती न उलगडता पुढच्या मुलाकडे गेले, आणि माझी छत्री फळीवर गेली.

आज सकाळी उंच साहेब आले. त्या दिवसानंतर ते आमच्या खोलीत आले की कोणाशी बोलत नाहीत. त्यांनी फळीवर बघितलं. प्रत्येक पिशवीवर घडी घालणाऱ्याचं नाव असतं. माझं नाव त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते दुसरी घेतील. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी माझीच उचलली, पाठीवर टाकली, पट्टे आवळले. तिला थापटलं नाही आणि निघून गेले.

मी कुंपणापाशी गेलो. मला कोणी पाठवलं नव्हतं. तिथे उभं राहून मी प्रत्येक घडी मनातल्या मनात परत घातली, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी चुकलो असं वाटलं. जेवणाची घंटा झाली, सगळे गेले. सार्जंट मागून आले. मला जेवायला जा म्हणाले नाहीत. माझ्या शेजारी उभे राहिले आणि वर बघायला लागले. न बघताच त्यांनी हात टेकला, तिथे कुंपणाचा खांब झिजून गुळगुळीत झाला होता. तेव्हा मला कळलं, की ते रोज इथे येऊन उभे राहतात. इतकी वर्षं.

विमान उतरलं.

उद्या उंच साहेब पुन्हा वर जाणार आहेत. माझीच छत्री घेऊन.

बारक्या